आधी कार्डाला विचारा, मग मॉनिटर घ्या

मागच्या दिवाळीत इचलकरंजीहून भाच्याचा फोन आला. “मामा, नवीन मॉनिटर लावला आणि सगळं अडकायला लागलं. कार्ड गेलं का?” कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये पडद्यासाठी चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड, ठणठणीत होतं. पोराने वर्षभर साठवलेल्या पैशांतून सेलमध्ये २७ इंची ४के मॉनिटर घेतला होता, आणि कॅबिनेटमध्ये होतं ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. जुन्या फुल एचडी मॉनिटरवर हेच कार्ड त्याला बऱ्यापैकी खेळवत होतं. नव्या मॉनिटरवर गाडीच्या खेळात गाडी धक्के खात चालली होती.

त्याला त्या फोनवर जे सांगितलं, ते मला त्याने मॉनिटर घेण्याआधी सांगायचं होतं. म्हणून आता इथे सविस्तर लिहितोय. माझं मुख्य म्हणणं एकच आहे: नवा मॉनिटर घरात येण्यापूर्वी, एक रुपया खर्च न करता, तुमचं कार्ड त्यावर कसं चालेल हे तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवरच मोजता येतं. हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी भाच्याचं काय झालं ते समजून घेऊ. कार्डाचं काम म्हणजे ठिपके रंगवणं. फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, हे सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पी, म्हणजे २५६० × १४४०, हे ३६.९ लाख. ४के, म्हणजे ३८४० × २१६०, हे ८२.९ लाख. अकरा ते अकरा ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला बावीस ते बावीसची घालायला सांगितली, तर ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. फुल एचडीवरून ४केवर जाणं म्हणजे नेमकं हेच. हात तोच, वेळ तेवढाच, रांगोळी चौपट. १४४०पीला मात्र काम १.७८ पट होतं. हा १.७८ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी बाजू हर्ट्झची, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याची. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. मधले जवळजवळ दहा मिलिसेकंद डोळ्यांना आणि हाताला स्पष्ट जाणवतात. माउस नुसता फिरवला तरी कळतं. १४४ वरून १६५ ला गेलात तर जेमतेम ०.९ मिलिसेकंद वाचतो. म्हणून १४४ आणि १६५ मध्ये अडकून पडू नका, जो स्वस्त असेल तो घ्या. २४० हर्ट्झ हा स्पर्धेच्या खेळांचा विषय. तुमचं कार्ड आणि प्रोसेसर मिळून सेकंदाला तेवढ्या फ्रेम, म्हणजे तेवढी चित्रं, देत असतील तरच त्याला अर्थ आहे.

आता कामाला लागू.

पहिलं काम, तुम्ही खरोखर काय खेळता ते कागदावर लिहा. काय खेळायची इच्छा आहे ते नाही, गेल्या दोन महिन्यांत काय खेळलात ते. माझ्या कागदावर तीन नावं होती: शनिवारी रात्री ऑफिसच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट, मुलं झोपल्यावर फोर्झा होरायझन ५, आणि अर्धवट राहिलेला सायबरपंक २०७७. या यादीतच अर्धं उत्तर असतं. व्हॅलोरंटसारख्या खेळाला भरपूर फ्रेम लागतात, पण तो कार्डावर फार ओझं टाकत नाही. सायबरपंक कार्डाला पार दमवतो, पण तिथे साठच्या आसपास फ्रेम मिळाल्या तरी समाधान होतं.

दुसरं काम, आत्ताच्या मॉनिटरवर मोजणी. एनव्हिडिया कंपनीचं कार्ड असेल तर त्यांच्या ॲपमधून ऑल्ट आणि आर दाबून आकडे पडद्यावर येतात. कुठल्याही कार्डाला एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर चालतं. तीन गोष्टी बघा: सरासरी फ्रेम, एक टक्का लो, आणि कार्डाचा वापर किती टक्के आहे. एक टक्का लो म्हणजे सगळ्यात वाईट क्षणांतल्या फ्रेम. सरासरी ८० आणि लो ३० असेल तर खेळ अडखळल्यासारखाच वाटणार, सरासरी कितीही छान दिसो. मोकळ्या रस्त्यावर मोजू नका. गर्दीत, धुरात, पावसात मोजा.

कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण जोर लावतंय. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर बहुतेक वेळा अडथळा प्रोसेसरचा असतो. खात्री करायची तर खेळाचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले ठिपके, खाली आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर प्रोसेसरच अडवतोय. अशा वेळी जास्त हर्ट्झचा मॉनिटर घेऊन काही हाती लागणार नाही. मात्र १४४०पीला जायला हरकत नाही, कारण तिथलं वाढीव ओझं कार्ड उचलतं आणि ते तर बऱ्यापैकी मोकळंच बसलंय.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये जा, डीएसआर फॅक्टर्स उघडा आणि १.७८ एक्सवर खूण करा. हा तोच वरचा १.७८. आता फुल एचडी मॉनिटर असूनही विंडोजमध्ये आणि खेळात २५६० × १४४० हा पर्याय दिसू लागतो. कार्ड खरोखर १४४०पीचं चित्र रंगवतं आणि शेवटी ते लहान करून तुमच्या पडद्यावर बसवतं. म्हणजे कष्ट सगळे १४४०पीचे. ४.०० एक्सवर खूण केलीत तर ४केचे. एएमडी कंपनीच्या कार्डांना हीच सोय त्यांच्या ॲड्रेनलिन या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन या नावाने आहे. काही खेळ डेस्कटॉपचं रिझोल्यूशन धरून चालतात. तिथे आधी डेस्कटॉपच १४४०पीला न्या, मग खेळ सुरू करा. काम झालं की खूण काढून टाका.

माझं कार्ड १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. तीन संध्याकाळी मी हेच केलं. व्हॅलोरंटचा आकडा जवळजवळ हललाच नाही. फोर्झा नव्वदीतून सत्तरीत आला. सायबरपंक, रे ट्रेसिंग ही उजेड-सावल्या हुबेहूब दाखवणारी जड सोय बंद ठेवूनही, साठीच्या वरून चाळिशीत घसरला. मग डीएलएसएस, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र रंगवून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय, क्वालिटीवर लावलं आणि तो पुन्हा साठीच्या आसपास आला. क्वालिटीवर १४४०पीसाठी कार्ड आतून १७०७ × ९६० एवढंच चित्र रंगवतं आणि उरलेलं भरून काढतं. जुन्या जीटीएक्स कार्डांना डीएलएसएस नाही, पण एएमडीचं तसंच एफएसआर त्यांच्यावरही चालतं, खेळात ती सोय असेल तर. एक लक्षात आलं असेल: ठिपके १.७८ पट झाले म्हणून फ्रेम तेवढ्या पटीने घटत नाहीत, घट सहसा थोडी कमी असते. म्हणूनच भागाकार करून अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं बरं.

या तीन संध्याकाळींनी माझा निर्णय झाला: २७ इंची, १४४०पी, १४४ हर्ट्झच्या आसपासचा. तुमची मोजणी वेगळं सांगेल, पण ढोबळ सांगायचं तर जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ५७० असेल तर फुल एचडीवरच राहा, २४ इंची घ्या. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६०, ४०६० यांना फुल एचडी १४४ हर्ट्झ अगदी सुखाचं. सेटिंग्ज थोडी खाली आणायची तयारी असेल तर १४४०पीसुद्धा. आरटीएक्स ४०७० किंवा आरएक्स ७८०० एक्सटी असेल तर फुल एचडीवर अडकून राहू नका, त्या कार्डाची ताकद वाया जाते. मोठे खेळ ४केवर वरच्या सेटिंगला आणि भरपूर फ्रेमनी खेळायचे असतील तर आरटीएक्स ४०८०च्या पुढचा विचार करावा लागतो.

इथे एक खरा प्रश्न येतो: कार्ड तर पुढे बदलणारच, मग मॉनिटर एक पायरी वरचा का घेऊ नये? घ्यावा, माझं हेच मत आहे. मॉनिटर सात-आठ वर्षं सहज टिकतो, कार्ड त्याआधी जुनं होतं. पण एकच पायरी, आणि कार्ड कधी बदलणार हे ठरलेलं असेल तर. भाच्याने एकदम दोन पायऱ्या चढल्या, आणि कार्डासाठी पुढची दोन वर्षं पैसे नव्हते.

आकाराचंही गणित आहे. २४ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला ९२ ठिपके, २७ इंचावर तेच ८२ होतात आणि टेबलाजवळ बसून अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. २७ इंचावर १४४०पी म्हणजे १०९. मजकूर, चित्र, सगळं नीट.

आता व्हेरिएबल रिफ्रेश रेट. मध्यम कार्डवाल्यांसाठी मी हर्ट्झपेक्षा याला जास्त महत्त्व देतो. कार्ड कधी ५५ फ्रेम देतं, कधी ८०. ही सोय असेल तर मॉनिटर कार्डाच्या चालीने चालतो, चित्र फाटत नाही आणि चढउतार फारसे जाणवत नाहीत. एएमडी याला फ्रीसिंक म्हणते, एनव्हिडिया जी-सिंक. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डं फ्रीसिंकच्या मॉनिटरवरही हे करतात, पण जुन्या कार्डांना त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ही जोडणीच लागते.

खोक्यावरचा फ्रीसिंकचा शिक्का बघून थांबू नका, त्याची मर्यादा शोधा. ४८ ते १४४ हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या की कार्ड प्रत्येक फ्रेम मॉनिटरला दोनदा पाठवून सांभाळून घेतं: ४० फ्रेम असतील तर ८० हर्ट्झ. पण त्यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या निदान दुप्पट लागते. ४८ ते ७५ च्या मॉनिटरमध्ये ती नसते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच सोय बंद पडते. कमी ताकदीच्या कार्डाबरोबर स्वस्त ७५ हर्ट्झचा मॉनिटर घेणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

पोर्ट आणि वायर. एचडीएमआय २.० वरून १४४०पीला १४४ हर्ट्झ जातं, पण ४केला ते ६० वर संपतं. शिवाय काही मॉनिटर १६५ हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर देतात आणि एचडीएमआयवर १४४ किंवा त्याहून कमी. हे बारीक अक्षरात असतं. शक्य असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. गेमिंग लॅपटॉप असेल तर बाहेरचा पोर्ट ग्राफिक्स कार्डाला जोडलाय की प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला, हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

मी मॉनिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. ऑनलाइन थोडा स्वस्त होता, पण दुकानात चालू करून बघायला मिळतो. पेन ड्राइव्हवर पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं नेली होती. प्रत्येक रंगावर मेलेला ठिपका शोधायचा आणि काळ्यावर कोपऱ्यांतून किती उजेड झिरपतोय ते बघायचं. व्हीए प्रकारचं पॅनेल (पडदा) असेल तर काळ्या पार्श्वभूमीचं पान जोरात स्क्रोल करून बघा. मागे राखाडी शेपूट राहत असेल तर रात्रीच्या दृश्यांत ती सतत दिसणार. मी आयपीएस या दुसऱ्या प्रकारचं घेतलं. मग दुपारी दोनला ग्रँट रोडवरून लोकलच्या मालडब्यात खोका उभा धरून बोरिवली गाठली.

घरी आल्यावर चार गोष्टी करायच्या आणि त्या केल्याशिवाय मॉनिटरबद्दल मत बनवायचं नाही. वायर मदरबोर्डच्या पोर्टला नाही, कार्डाच्या पोर्टला लावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट वाढवा. महिनोन्महिने १४४ चा मॉनिटर ६० वर चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा आणि मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही. शेवटी फ्रेमवर मर्यादा घाला, हर्ट्झपेक्षा दोन-तीन कमी: १४४ ला १४१. फ्रेम वर निसटल्या की फ्रीसिंकचा उपयोग संपतो, म्हणून.

भाच्याचा मॉनिटर परत करायची मुदत उलटून गेली होती. त्याला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये इंटिजर स्केलिंग लावायला सांगितलं, ते १६५० वर चालतं, आणि खेळ फुल एचडीला आणायला सांगितले. ४केमध्ये फुल एचडी बरोबर चौपटीने बसतं, एका ठिपक्याचे चार, त्यामुळे चित्र धूसर होत नाही. जुन्या मॉनिटरवर मिळायच्या तेवढ्या फ्रेम परत आल्या, आणि अभ्यासाचे पीडीएफ मात्र पूर्ण ४केला दिसतात. तुम्ही मॉनिटर घ्याल तेव्हा परतीची मुदत पावतीवर बघून ठेवा, आणि तोवर खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाकून ठेवा.