ढेप वाढवूनही दूध का वाढत नाही? दुभत्या गाई आणि कालवडींना प्रथिने देताना या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यात गाईचे दूध कमी झाले की पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे सरकीची ढेप (तेल काढल्यावर उरलेली पेंड) वाढवणे. दोन किलोची तीन किलो होते, तिनाची चार होते, महिनाअखेरीस दुकानातील उधारी फुगते आणि डेअरीच्या चिठ्ठीवरचा आकडा मात्र अर्ध्या लिटरच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी दोष ढेपेच्या प्रतीला दिला जातो, क्वचित गाईच्या जातीलाही दिला जातो. गव्हाणीत ढेपेखाली जे कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा तणीस (धानाचा पेंढा) पसरलेले असते, त्याकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गोठ्यांतील घोळ तिथेच सापडतो.

कुटार हिशेबात न धरणे

सोयाबीनच्या कुटारात प्रथिने साधारण ४ ते ५ टक्के असतात, धानाच्या तणसात ३ ते ४ टक्के आणि गव्हाच्या कुटारात त्याहूनही थोडी कमी. गाईच्या कोठीपोटातील, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीवांना आपले काम नीट करण्यासाठी एकूण चाऱ्यात किमान ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. त्याखाली गेले की चोथ्याचे पचन मंदावते, पोट लवकर रिकामे होत नाही आणि गाय चारा पुढ्यात असूनही खाणे कमी करते. ‘गाय कुटार उष्टे टाकते’ ही तक्रार आली की मी आधी प्रथिनांचा हिशेब मांडतो.

तो हिशेब कठीण नाही. ४०० किलो वजनाच्या आणि दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला शरीरपोषण आणि दूध मिळून साधारण सव्वा किलो प्रथिने लागतात. मौदा किंवा रामटेककडच्या धानपट्ट्यातील गोठ्यात ती ८ किलो तणीस आणि ४ किलो सरकी ढेप खात असेल, तर तणसातून जेमतेम पाव किलो आणि टरफलासकट काढलेल्या ढेपेतून साडेआठशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. म्हणजे दीडशे ग्रॅमची तूट राहते आणि ऊर्जाही कमी पडते. आता त्याच तणसावर २ किलो ढेप, दीड किलो मक्याचा भरडा आणि १ किलो सोयाबीन डीओसी (तेल पूर्ण काढलेली सोयाबीन पेंड) दिली, तर प्रथिनांची बेरीज सव्वा किलोवर येते, मक्यामुळे ऊर्जेची तूटही बरीचशी भरून निघते आणि खुराक मात्र अर्धा किलोनेच वाढतो. सोबत रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, मोजून ३० ग्रॅम मीठ द्यावे. हिरवी मका किंवा नेपियर मिळत असेल तर तणीस त्या प्रमाणात कमी करावे आणि बेरीज पुन्हा मांडावी.

तणसावरच दिवस काढायचे असतील तर त्यावर युरिया प्रक्रिया करणे हा जुना आणि पारखलेला मार्ग आहे. १०० किलो तणसासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडावा, दाबून ढीग हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. खाऊ घालण्यापूर्वी वास उडेपर्यंत तो पसरून ठेवावा, सुरुवात थोड्या प्रमाणात करावी आणि सहा महिन्यांखालील वासरांना तो मुळीच देऊ नये. युरियाचे पाणी ऐनवेळी चाऱ्यावर ओतून लगेच गव्हाणीत टाकण्याचा शॉर्टकट जनावराच्या जिवावर बेततो.

प्रथिने भरपूर, ऊर्जा नाही

गाय आपण दिलेली प्रथिने जशीच्या तशी वापरत नाही. त्यातील मोठा भाग कोठीपोटातील सूक्ष्मजीव फोडून अमोनिया करतात, त्याच अमोनियापासून स्वतःचे शरीर बांधतात आणि पुढे आतड्यात तेच सूक्ष्मजीव गाईचे अन्न होतात. मात्र हे बांधकाम करायला त्यांना त्याच वेळी पिष्ट किंवा साखरेची ऊर्जा लागते. ती नसेल तर उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्र व दुधावाटे बाहेर पडतो. या उठाठेवीत गाईची ऊर्जा खर्च होते ती वेगळीच. म्हणूनच नुसत्या ढेपेवर पोसलेल्या गाईच्या गोठ्यात सकाळी दार उघडताच डोळ्यांना अमोनिया झोंबतो, शेण पातळ पडते आणि भरवलेली (रेतन केलेली) गाय गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. गाय वारंवार उलटण्याची कारणे अनेक असतात, पण दुधातील युरिया नायट्रोजन १०० मिलिलिटरमागे १९ मिलिग्रॅमच्या वर सातत्याने राहत असेल, तर खुराकाकडे बोट दाखवायला जागा आहे. साधारण १० ते १६ मिलिग्रॅम हा ठीक टप्पा समजला जातो.

भुईमूग आणि मोहरीची पेंड कोठीपोटात लवकर फुटते, तर सरकी ढेपेचा तुलनेने मोठा भाग न फुटता पुढे आतड्यापर्यंत जातो. १५ लिटरच्या वर दूध देणाऱ्या गाईला अशा ‘बायपास’ प्रथिनांचा उपयोग होतो. सहा-सात लिटरच्या गाईसाठी महागडे बायपास खाद्य घेणे म्हणजे खिशाला उगीच भोक पाडणे आहे.

पोत्यावरच्या टक्क्यावर विश्वास

प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे कागदावर एक किलो युरिया पावणेतीन किलोंहून अधिक प्रथिनांएवढा दिसतो. भेसळ करणाऱ्याचे गणित याच ठिकाणी जमते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज हे विकर असते, त्यामुळे घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. मूठभर खाद्य कोमट पाण्यात भिजवून त्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ मिसळावे, बाटलीचे झाकण घट्ट लावून अर्धा-पाऊण तास ठेवावे आणि मग हुंगावे. अमोनियाचा उग्र वास आला तर नमुना तपासणीला पाठवताना प्रथिनांसोबत युरियाचे प्रमाणही वेगळे मागावे.

याच कारणाने भाव पडल्यावर घरचे कच्चे सोयाबीन भरडून युरियायुक्त खाद्यासोबत देऊ नये. बाटलीत घडते तेच पोटात घडते.

ऋतूचे भान न ठेवणे

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ढेप आणि मका बुरसटण्याचा धोका सर्वाधिक असतो. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते आणि उकळल्याने जात नाही, त्यामुळे पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत आणि महिन्याभरापेक्षा अधिक साठा करू नये. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा रात्री भिजवलेली ढेप सकाळपर्यंत आंबते. ती दोन-तीन तासच भिजवावी आणि खुराकाचा मोठा वाटा पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. या दिवसांत गाय मुळात कमी खाते, म्हणून प्रत्येक घासाची प्रत वाढवावी, पण प्रथिनांचा अतिरेक करू नये. जादा नायट्रोजन बाहेर टाकताना तयार होणारी उष्णता उन्हाने बेजार झालेल्या गाईला परवडत नाही.

कालवडींना उरलेसुरले

सर्वांत महाग चूक ही आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. दूध देत नाही म्हणून कालवड गोठ्याच्या टोकाला बांधली जाते आणि गाईंनी उष्टे टाकलेले कुटार तिच्यापुढे ढकलले जाते. पोट डेऱ्यासारखे सुटलेले, केस राठ आणि पुठ्ठे बसलेले, असे जनावर ‘खाते तर पोटभर’ म्हणून आपण दुर्लक्षित करतो. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत.

वासराच्या सुरुवातीच्या खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिने हवीत, सहा महिन्यांपर्यंत संपूर्ण आहारात १६ टक्के, वर्षापर्यंत १४ आणि पुढे १२ ते १३ टक्के पुरेशी होतात. तीन महिन्यांपर्यंत कोठीपोट तयार झालेले नसते, त्यामुळे त्या वयात सरकी ढेप टाळावी. तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासरांना बाधते. उलट टोकाची चूकही होते. तीन ते नऊ महिन्यांच्या कालवडीला प्रथिने न वाढवता मक्यावर भराभर माजवले, तर कासेत चरबी साठते.

माझ्याकडच्या एका संकरित कालवडीला वीस महिने झाले तरी माज दिसेना, तेव्हा औषध शोधण्याआधी टेप काढला. छातीचा घेर ५२ इंच, खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी ४४ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, असे सूत्र लावले तर वजन १८० किलो निघाले. संकरित कालवड २५० किलोच्या आसपास भरवण्याजोगी होते, म्हणजे ती ७० किलोने मागे होती. तिला उष्टे देणे बंद केले आणि ७०० ग्रॅम मक्याचा भरडा, ४०० ग्रॅम तूर चुनी (डाळ भरडताना उरणारा चुरा), ४०० ग्रॅम सोयाबीन डीओसी, ५ किलो लसूणघास व सोबत स्वच्छ कुटार असा आहार सुरू केला. खाद्यबदल आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने केला, कारण कोठीपोटातील सूक्ष्मजीवांनाही नव्या खाद्याची सवय व्हावी लागते. पाच महिन्यांनी घेर ५८ इंच आणि लांबी ४८ इंच भरली, आणि त्याच पंधरवड्यात ती पहिल्यांदा माजावर आली.