निळसर-राखाडी पिसांसाठी कोंबड्यांची जोडी कशी निवडावी

नाशिक परिसरात परसात कोंबड्या पाळणाऱ्या ज्यांना निळसर-राखाडी पिसांचा कळप तयार करायचा आहे, त्यांनी दोन निळ्या पक्ष्यांची जोडी लावण्याऐवजी पूर्ण काळ्या कोंबडीला ‘स्प्लॅश’, म्हणजे मळकट पांढऱ्यावर गडद शिंतोडे असलेला, कोंबडा द्यावा. निळ्या रंगाचे जनुक अपूर्ण प्रभावी असते. त्याची एक प्रत काळ्या रंगाला फिका करून निळसर करते, तर दोन प्रती त्याला जवळजवळ पांढरा, म्हणजे स्प्लॅश, करतात. म्हणून काळ्या आणि स्प्लॅश जोडीची सर्वच पिल्ले निळी निघतात. निळ्या-निळ्या जोडीची मात्र सरासरी निम्मीच, आणि उरलेल्यांत काळी व स्प्लॅश सारख्या प्रमाणात. एखाद्या डझन अंड्यांत ही सरासरी तंतोतंत उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

पांढरी लेअर (अंड्यांसाठी पाळली जाणारी) कोंबडी स्प्लॅशच्या जागी चालत नाही, कारण तिचा पांढरेपणा वेगळ्याच जनुकातून येतो आणि खालचा रंग झाकून टाकतो.

सर्वांत जास्त घोटाळा खुराड्यात होतो. आधीच्या कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतात. त्यामुळे तिला किमान तीन, शक्यतो चार आठवडे वेगळे ठेवूनच नवा कोंबडा सोडावा आणि पिल्लांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांची कडी घालून जोडीनिहाय नोंद ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हात फलधारणा घटते, म्हणून हिवाळा बरा; मात्र निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात पिल्लांना ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीची) ऊब अखंड मिळाली पाहिजे.