स्किमरशिवाय छोटा रीफ टँक चालवताना या चुका टाळा

माझा रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ४० लिटरचा. मित्राच्या जुन्या टँकमध्ये वर्षभर मुरलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड, पाणी फिरवणारा एक पंप म्हणजे पॉवरहेड, घाण अडवणाऱ्या कापसासारख्या फिल्टर फ्लॉसचा तुकडा, थोडे झोआ आणि मशरूम हे मऊ प्रवाळ, क्लाऊनफिशची एकच जोडी. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) नाही, संप (फिल्टरची वेगळी टाकी) नाही. ही टूम आजची नव्हे. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच जिवंत दगड (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालवण्याची रीत लिहून ठेवली. दगडातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. बाकीचं आपल्या अंगावर असतं, आणि घोळ तिथेच होतात.

सगळ्यात मोठा घोळ मिठाचा. गणपतीत पाच दिवस गावी गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि दोन कॅन ठेवले. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी कालवलेलं खारं. कॅनवर काहीच लिहिलं नव्हतं. "रोज या खुणेपर्यंत भरा" एवढं सांगून निघालो. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या पाण्याची. काकूंनी नेमका खारा कॅन रिकामा केला. परतलो तर खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर दर हजारी ३५ च्या जागी ३९, आणि झोआ मुठी आवळल्यासारखे मिटलेले. "अरे, एक दिवस चुकवला नाही मी!" काकू म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मीठ उतरवतानाही घाई करायची नसते. दोन-तीन दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं, तेव्हा झोआ उघडले.

भर न घालणंही तितकंच वाईट. ४० लिटरमधलं ५ लिटर उडालं की ३५ चे सरळ ४० होतात. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं खरं, पण उडतंही झपाट्याने. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य गोड्या पाण्यावर लावून गप्प बसू नका, ३५ च्या तयार द्रावणावर तपासून घ्या.

गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. घरचा आरओही बेभरवशाचा, कारण चवीसाठी बऱ्याच मशिनांत थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून बघा. ५०-६० दिसलं तर पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडा आणि आकडा शून्यावर आणा.

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी साय येते. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, बहुधा आपोआप जातं. घाबरून औषधाच्या बाटल्या ओतू नका. लालसर, चिकट, पापुद्र्यासारखा थर मात्र सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा. तो आला की खाणं कमी करा, प्रवाह वाढवा, पाणी बदलताना तो नळीने ओढून काढा. मी दर रविवारी ६ लिटर बदलतो आणि फ्लॉस तर दर तीन दिवसांनी फेकतो, नाहीतर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते.

माशाला पांढरे ठिपके दिसले म्हणून तांब्याचं औषध टँकमध्ये घालाल तर गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ सगळेच जातील. औषधपाणी वेगळ्या बादलीत.

वीज गेल्यावर पॉवरहेड थांबतो आणि प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ ठेवा. माझा गेल्या पावसाळ्यात एका रात्री सात तास चालला.

आता खरेदीचं. कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार पडद्याआडून कितीही रंगीत तुकडा दाखवो, हात लावू नका. झोआ, मशरूम घेतानाही ते कुठून आले ते विचारा. आणि मालवणच्या किनाऱ्यावर फिरताना छान भोकाभोकांचा दगड सापडला, तर तो हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा.