जुन्या मशीनवर फ्लॉपीचं लिनक्स चढवताना या चुका टाळा

"लिनक्स चालत नाही" म्हणून माझ्यापर्यंत येणाऱ्या जुन्या मशीनांत लिनक्सचा दोष क्वचितच असतो. दोष असतो फ्लॉपीचा, ड्राइव्हचा, नाहीतर समोर बसलेल्याच्या घाईचा. फ्लॉपीच्या 1.44 एमबीत कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बिझीबॉक्स म्हणजे रोजच्या आज्ञांचं एकच छोटं गाठोडं, आणि चार कामाची हत्यारं कोंबलेली असतात. फ्लॉपीवरच्या 2880 सेक्टरांपैकी, म्हणजे छोट्या कप्प्यांपैकी, कर्नलखालचा एक जरी गेला, तरी खेळ खलास.

सर्वात बाळबोध चूक म्हणजे इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल, फ्लॉपीवर नुसती कॉपी करणं. फाइल दिसते म्हणून पोरं खूश, आणि मशीन "नॉन-सिस्टीम डिस्क" म्हणून हात वर करतं. इमेज सेक्टरला सेक्टर लिहावी लागते: लिनक्सवर डीडी या आज्ञेने, डॉसवर रॉराइट या प्रोग्रामने. 486 प्रोसेसरच्या जुन्या मशीनला पेनड्राइव्हवरून बूट करता येईल का, हे कृपा करून विचारू नका. त्या काळच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, पेनड्राइव्ह माहीतच नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. फ्लॉपी लिहून झाली, एरर आली नाही, म्हणजे ती चांगली असं धरून चालणं. गेल्या वर्षी सोलापूरची गड्डा यात्रा संपल्या संपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून मालकाच्या पुतण्याचा फोन आला. हिशेबाच्या जुन्या 486 मधला डेटा काढायचा होता. "काका, सगळं केलो की ओ, तरी होईना. लिनक्सच खराब आहे." जाऊन बघितलं. "अनकॉम्प्रेसिंग लिनक्स" येतं आणि पुढे "सीआरसी एरर", म्हणजे वाचलेला डेटा बिघडलेला. टेबलावर फ्लॉप्यांची चळत. प्रत्येक फ्लॉपी एकदा लिहायची, बूट नाही झाली की फेकायची, दुसरी घ्यायची. ड्राइव्ह उघडून बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

मी कव्हर काढलं. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेलं ऑफिस ते. वरच्या हेडच्या, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या टोकाच्या, बाजूला सुताची तूस अशी बसली होती की बोटाने उचलली तर वात वळता आली असती. पुतण्या लगेच कानातली कापसाची काडी घेऊन आला. नको म्हटलं. कापूस काढायला कापूसच घालायचा, आणि त्याचे धागे पुन्हा हेडला चिकटायचे! चष्म्याचं धागे न सुटणारं फडकं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, आणि वरचं हेड अगदी हलकंच उचलायचं. जास्त ताणलं तर त्याची पातळ पट्टी वाकते आणि ड्राइव्ह भंगारात जातो. साफ केल्यावर त्याच फेकलेल्या चळतीतल्या बऱ्याच फ्लॉप्या वाचल्या.

तरी दोन-तीन अडल्याच. त्या लिहिल्या होत्या दुसऱ्या मशीनवर, आणि दोन ड्राइव्हचं हेड तंतोतंत एका रेषेत नसेल तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणून माझी सवय अशी: ज्या ड्राइव्हमधून बूट करायचं, शक्यतो त्याच ड्राइव्हवर लिहायचं. जुन्या मशीनवर डॉस असेल तर तिथेच रॉराइट चालवायचं. लिहून झालं की फ्लॉपी बाहेर काढून परत घालायची आणि इमेजशी ताडून बघायची, इमेजच्या आकाराएवढीच. न काढता ताडलं तर कधी कधी मेमरीत उरलेलीच प्रत वाचली जाते आणि सगळं छान दिसतं. यात पाच मिनिटं जातात. ज्यांना पाच मिनिटं नाहीत ते अर्धा दिवस घालवतात, असा माझा अनुभव.

टॉम्सआरटीबीटी या एका फ्लॉपीत मावणाऱ्या लिनक्सची गोष्ट वेगळी. ती 82 ट्रॅक आणि 21 सेक्टर अशी फॉरमॅट करून 1722 केबी बसवते. यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह सहसा हा फॉरमॅट करू शकत नाहीत. त्यासाठी 34 पिनांच्या केबलचा जुना ड्राइव्हच लागतो. शिवाय यूएसबी ड्राइव्ह हार्ड डिस्कसारख्याच नावाने दिसतो, तेव्हा डीडीचं एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने आकार बघा. 1.4 एमबी दिसत नसेल तर हात मागे घ्या.

मशीन चालू केल्यापासून ड्राइव्हचा दिवा विझतच नसेल तर केबल उलटी लागली आहे.

486 च्याही आधीच्या 386 प्रोसेसरवर नवा कर्नल चालत नाही; 2013 च्या 3.8 आवृत्तीपासून त्याचा आधार काढून टाकलाय. तिथे जुनीच आवृत्ती घ्या.

हार्ड डिस्कवर बसवल्यावर "एलआय" एवढंच उमटून मशीन थांबलं, तर लिलो (डिस्कवरून लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि बायोस यांचं डिस्कच्या भूमितीवर, म्हणजे सिलिंडर-सेक्टरांच्या मांडणीवर, एकमत नाही. कर्नलसाठी डिस्कच्या सुरुवातीला, पहिल्या 1024 सिलिंडरांच्या आत, छोटं पार्टिशन करा. आणि कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवा. हे विसरणारे रोज भेटतात.

शेवटी नेटवर्क. आयएसए या जुन्या खाचेत बसणारं एनई2000 नेटवर्क कार्ड कर्नल आपोआप शोधेल म्हणून वाट बघू नका. मॉड्यूल (कार्डाचा ड्रायव्हर) लोड करताना आयओ पत्ता हाताने द्यावा लागतो. कार्डावरचे जंपर बघा, बऱ्याचदा तो 300 हेक्स असतो. कारखान्यातल्या कार्डाचा 320 निघाला.