स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारताना या चुका टाळा

मराठीत 'उद्या येतोस'चा प्रश्न करायला एक 'का' पुरतो. स्पॅनिशमध्ये असा 'का' नाही. 'ब्येनेस मान्याना', म्हणजे 'उद्या येतोस': हेच शब्द, याच क्रमाने, विधानही होतात आणि प्रश्नही. बोलताना शेवटी सूर चढतो, म्हणून कळतं. कागदावर आपल्या 'का'चं काम सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह करतं: ¿ब्येनेस मान्याना? शिकणारे नेमकं तेच गाळतात. कृपा करून गाळू नका. रेआल आकादेमिया एस्पान्योला या भाषासंस्थेने १७५४ साली ते सुचवलं, ते लांबलचक वाक्य वाचताना प्रश्न कुठून सुरू होतो हे आधीच कळावं म्हणून. मोबाइलवर साधं प्रश्नचिन्ह दाबून धरा, उलटं मिळेल.

ते वाक्याच्या नव्हे, प्रश्नाच्या सुरुवातीला येतं. 'सि युएबे, ¿के आसेमोस?' म्हणजे पाऊस आला तर काय करायचं? 'पाऊस आला तर' चिन्हाबाहेर, आणि पुढचं अक्षर लहान लिपीतलं. हाक मारून विचारतानाही नाव आधी, मग स्वल्पविराम, मग चिन्ह. शेवटच्या प्रश्नचिन्हानंतर पूर्णविराम नको.

आता मराठी वळणाच्या चुका. 'आना कुठे राहते?' या क्रमाने आपण 'आना दोंदे बीबे' म्हणून मोकळे होतो. प्रश्नशब्द पुढे हवा, लगेच क्रियापद, मग आना: ¿दोंदे बीबे आना? 'तुझं नाव काय?'मधला 'काय' तर हमखास फसवतो. '¿के एस तु नोंब्रे?' चूक, तिथे 'के' नव्हे, 'कुआल' लागतो. खरं तर '¿कोमो ते यामास?' हेच सवयीचं करा, रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं. 'कुठून', 'कुणाबरोबर' मात्र आपल्याला सोपे जावेत: शब्दयोगी अव्ययासारखा शब्द प्रश्नशब्दाला सोडत नाही, फक्त आधी येतो. ¿दे दोंदे एरेस? म्हणजे तू कुठून आहेस, यात 'दे' हा 'ऊन'.

सगळ्यात जास्त निसटते ती प्रश्नशब्दाच्या स्वरावरची तिरकी रेघ. 'नो से दोंदे बीबे', म्हणजे तो कुठे राहतो मला ठाऊक नाही, यात प्रश्नचिन्ह नाही, तरी 'दोंदे'वरची रेघ राहते. 'पोर के' दोन शब्दांत, रेघेसह, जोर 'के'वर: का? 'पोर्के' एका शब्दात, रेघेविना, 'के'वर जोर न देता: कारण.