शांत काळातील सौर उद्रेकाचा माग पृथ्वीपर्यंत कसा काढावा

परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सौर उद्रेकाचा अवकाशातील प्रवास स्वतः तपासायचा असेल, तर त्यासाठी दुर्बीण लागत नाही. सोहो, स्टिरिओ, एस आणि विंड या यानांची निरीक्षणे सर्वांना मोफत उपलब्ध असल्यामुळे साधा संगणक आणि बरे इंटरनेट पुरते. सुरुवात मात्र सूर्य शांत असतानाच्या नोंदींपासून करावी. सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचा सुमारे अकरा वर्षांचा चढउतार) ऐन भरात असताना दिवसाला अनेक उद्रेक होतात आणि त्यांतून सुटलेले तप्त, चुंबकीय वायूचे ढग वाटेत एकमेकांत मिसळतात. २००८-०९ सारख्या किमान काळात एकच ढग सलग काही दिवस एकटा जाताना सापडतो.

सरावाला १२ डिसेंबर २००८ चा उद्रेक उत्तम. त्या वेळी स्टिरिओची दोन याने पृथ्वीच्या दोन बाजूंना प्रत्येकी ४० अंशांहून थोड्या अधिक कोनावर होती, त्यामुळे पृथ्वीकडे निघालेला ढग दोन्हींना बाजूने दिसला. आधी कोरोनाग्राफची, म्हणजे सूर्यबिंब झाकून त्याभोवतीचे फिके वातावरण (प्रभामंडल) टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्रातून त्याच्या आधीचे चित्र वजा करावे. म्हणजे स्थिर प्रभामंडल नाहीसे होऊन सरकलेली कडा तेवढी उरते. सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, तेव्हा भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवण्यास विसरू नये.

खरी कसोटी पुढे आहे. सूर्यापासून ४ ते २४ अंशांपर्यंत स्टिरिओवरील एचआय-१ आणि त्यापुढे जवळजवळ ८९ अंशांपर्यंत एचआय-२ हा कॅमेरा पाहतो, पण तिथे ढग इतका फिका होतो की ताऱ्यांच्या आणि धुळीच्या प्रकाशात तो नजरेला लागत नाही. म्हणून प्रत्येक चित्रातून क्रांतिवृत्तालगतची (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलालगतची) अरुंद पट्टी कापावी आणि या पट्ट्या काळाच्या क्रमाने शेजारी शेजारी उभ्या लावाव्यात. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर सूर्यापासूनचा कोन असा नकाशा तयार होतो, आणि एकट्या चित्रात न दिसणारा ढग त्यात तिरप्या रेघेच्या रूपाने स्पष्ट उमटतो. ही रेघ शेवटी वाकते, एवढ्यावरून ढगाचा वेग बदलला असे मानू नये. स्थिर वेगाने जाणारा ढगही केवळ पाहण्याच्या कोनामुळे तशी वाकलेली रेघ काढतो.

आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ या सूर्याच्या बाजूच्या समतोल बिंदूजवळच्या एस आणि विंड यानांच्या नोंदी उघडाव्यात. हा ढग तिथे १६ आणि १७ डिसेंबरला पोहोचला. चुंबकीय क्षेत्र वाढलेले असणे, त्याची दिशा काही तासांत सावकाश फिरणे आणि प्रोटॉनचे तापमान त्या वेगाच्या सौरवाऱ्यात (सूर्यातून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहात) एरवी असते त्याहून कमी असणे, या तीन खुणा एकत्र सापडल्या तरच ढग ओळखला असे समजावे. किमान काळात फसगत होते ती वेगवान आणि संथ सौरवाऱ्याच्या टकरीमुळे: तिथेही क्षेत्र आणि घनता वाढते, मात्र पाठोपाठ वेग आणि तापमानही चढते. अशी टक्कर बहुधा सूर्याच्या परिवलनाबरोबर परतते, म्हणून २७ दिवस आधीचा आणि नंतरचा आलेखही पाहावा.

सूर्यबिंबावर ज्वाला दिसली नाही, म्हणून उद्रेक नाकारू नये. १ जून २००८ चा उद्रेक स्टिरिओच्या दोनपैकी ‘ए’ यानावरील कोरोनाग्राफने टिपला, तरी बिंबावर त्याचा मागमूस नव्हता. पुढचा सराव एप्रिल २०२० च्या उद्रेकावर करावा: तो १९ तारखेला सोलर ऑर्बिटर या यानावरून गेला, २० तारखेला पृथ्वीला भिडला आणि ऐन शांत काळातही त्याने भूचुंबकीय वादळ उठवले.