शेनझेनला शिकायला जायचंय? पदवी कुणाची मिळणार ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची मुलं बी.ई. झाली की हल्ली चीनमधल्या शेनझेनचं नाव काढतात. मी इथंच मेकॅनिकल शिकवते, म्हणून खानापूर-निपाणीहूनही पालक विचारायला येतात. त्यांना मी सांगते, रँकिंग नंतर बघा. विद्यापीठ कुणी काढलं, कधी काढलं, ते आधी.

1980 मध्ये शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हा तिथं एकही विद्यापीठ नव्हतं. 1983 मध्ये शेनझेन विद्यापीठ निघालं. टेनसेंट या इंटरनेट कंपनीचे संस्थापक मा ह्वातंग तिथंच शिकले. कारखाने वाढले, तेवढी माणसं एका विद्यापीठातून मिळेनात. मग शहराने नानशानमध्ये विद्यापीठनगर बांधलं आणि छिंगह्वा, पेकिंग, हार्बिन अशा जुन्या विद्यापीठांना तिथं बोलावून घेतलं. शिवाय स्वतःच्या पैशाने दक्षिण विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ उभं केलं. 2011 मध्ये पहिले 45 विद्यार्थी आले, केंद्राची मान्यता 2012 मध्ये मिळाली. इतकं धाडस करणाऱ्या शहराचं मला फार कौतुक वाटतं.

आता पदवीचं. आपल्याकडे व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी) संलग्न कॉलेज कुठलंही असो, पदवी व्हीटीयूची. तिथल्या शाखांचंही तसंच: हार्बिनच्या शेनझेन कॅम्पसमध्ये शिकलात तर पदवी हार्बिनची. 2014 चं ‘चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँग, शेनझेन’ हे विद्यापीठ हाँगकाँगच्या मूळ विद्यापीठाची पदवी देतं. मॉस्को विद्यापीठ आणि बीजिंगच्या तंत्रज्ञान संस्थेने मिळून काढलेल्या विद्यापीठात मात्र बऱ्याच कोर्सना रशियन भाषा लागते. म्हणून तुमच्या कोर्सचं माध्यम कोणतं, पदवीवर नाव कुणाचं, हे प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी मागवा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका.

एम.एस.साठी मार्गदर्शकालाही आधीच लिहा. त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, आपल्या प्रोजेक्टशी जुळणारं काय ते नेमकं सांगा. वेल्डिंगवर काम केलं असेल तर वेल्डिंगचंच लिहा.

कागदपत्रांत आपली मुलं अडकतात ती नावापाशी. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर इनिशियल, पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण. हा फरक अर्ज करण्याआधीच मिटवा. व्हीटीयूचं ट्रान्सक्रिप्टही वेळेत मागवा.

प्रवेश झाला की प्रवेशपत्र आणि विद्यापीठाकडून येणारा व्हिसाचा फॉर्म जपून ठेवा. 180 दिवसांपेक्षा जास्त शिकायला एक्स-1 व्हिसा लागतो, आणि चीनमध्ये उतरल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.